भारतातील वीजनिर्मिती आणि जीवाश्म इंधने

भारतात वीज प्रामुख्याने दगडी कोळशावर तयार होते; लिग्नाइट, नैसर्गिक वायू व डिझेल यांचा वाटा त्या मानाने अल्प आहे. सुरुवात मात्र पाण्यावर झाली. देशातील पहिले जलविद्युत केंद्र १८९७ मध्ये दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे उभे राहिले आणि दोन वर्षांनी कलकत्त्यात कोळशावरची वीज आली. मुंबईला कोळसा फार लांबून आणावा लागे. म्हणून टाटांनी सह्याद्रीतले पाणी अडवून १९१५ मध्ये खोपोलीहून गिरण्यांना वीज पुरवली.

१९४७ मध्ये देशाची स्थापित क्षमता १,३६२ मेगॅवॉट होती. त्यातील ५०८ मेगॅवॉट जलविद्युत. भाक्रा, कोयना यांसारख्या प्रकल्पांमुळे १९६०च्या दशकाच्या मध्यास जलविद्युतेचा हिस्सा सुमारे ४५ टक्क्यांवर गेला. पुढे मागणी वाढत गेली, धरणे रखडली आणि पावसाने दगा दिला की विजेचीही टंचाई होऊ लागली. १९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ स्थापन झाले आणि १९८२ मध्ये त्याच्या सिंगरौली केंद्रातून वीज मिळू लागली. कोळसा वाहून नेण्यापेक्षा खाणीच्या तोंडाशीच केंद्र उभारून वीज तारांवाटे पाठवायची, हे यामागचे धोरण होते. वायूवरची केंद्रेही झाली (उरण, दाभोळ). पण देशी वायू पुरेना आणि आयात वायू परवडेना, त्यामुळे त्यांतील बरीच क्षमता पडून राहिली.

जून २०२५ मध्ये स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली. ही कमाई मोठी आहे, पण अवलंबित्व मोजायचे ते प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटांवर, आणि २०२३-२४ मध्ये त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कोळशाची होती. सौर पॅनेल दिवसाच चालते. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात तेव्हा भार पुन्हा बॉयलरवरच येतो.

५०० मेगॅवॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला सात हजार टनांहून अधिक कोळसा, म्हणजे मालगाडीच्या जवळपास दोन रेक, फस्त करतो. देशी कोळशात राख ३० ते ४० टक्के, त्यामुळे तेवढ्या कोळशामागे रोज दोन हजार टनांहून अधिक राख उरते. पाणीही भरपूर लागते: २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोराडी, चंद्रपूर परिसरातील गावांना राखेचा त्रास अजून भोगावा लागतो. तिथल्या माणसांच्या आजारपणाचा खर्च युनिटच्या दरात धरला जात नाही; तो धरला गेला पाहिजे.