हात वर करा, कल्याण आलं

मोबाइल इथेच ठेवा. धोतर नेसा, मुंडासं बांधा, गाठोडं काखोटीला मारा. साल 1897, फाल्गुन लागलाय, आणि गिरणीतलं काम टाकून तुम्ही बायकापोरांसकट बोरीबंदरला गाडीत बसला आहात. बसला कसले, कोंबले गेला आहात. प्लेगच्या धास्तीने निम्म्याच्या आसपास मुंबई गावाला पळाली आहे आणि ती सगळी याच डब्यात शिरली असावी असं तुम्हाला वाटतंय. पायांत कोंबड्यांचं डालगं, पाटा-वरवंटा, कुणाची तरी म्हातारी. डब्यात संडास नाही, तेव्हा पाणी बेतानं प्या. कोळशाची कुसळं डोळ्यांत जातात. घामाच्या वासावर मात करून सगळ्यांच्या कपड्यांना कार्बोलिकचा एकच उग्र दर्प येतोय. चाळीत सरकारी माणसं ते जंतुनाशक शिंपडूनच गेली होती. ऊन आत यावं म्हणून वरची कौलंही उतरवली होती. राहायचं कुठं, हे सांगायला मात्र कुणी थांबलं नाही.

कल्याण. “उतरा, सगळे उतरा!” फलाटावर रांग. डॉक्टर साहेब कपाळाला हात लावतो, मान चाचपतो. हात वर करा. काखेत बोटं फिरतात, मग जांघेत. गाठ नाही, पुढे चला. बायकोची पाळी आली की तुमचं डोकं तापतं, आणि नेमका तेव्हाच साहेब तुमचा ताप बघायला परत वळतो. शेजारच्या बाकावरच्या माणसाचं अंग कढत लागलं. त्याला बाजूला काढतात, मागोमाग त्याची बायको आणि दोन पोरं. इस्पितळात नेऊन माणसाची मोमियाई, म्हणजे अंगातलं तेल, काढतात, असं डब्यात सगळे बोलत होते. आता कुणी बोलत नाही. गाडी सुटते. त्यांच्या रिकाम्या बाकावर तुम्ही टेकता. लाज वाटते, पण पाय मोकळे होतात.

कर्जतला घाट चढायला मागून जादा इंजिन लागतं, ते तेव्हाही लागतं. स्टेशनवरचा वडा मात्र शोधू नका, भुकेलेच उतरा. बाहेर बैलगाड्या उभ्या आहेत. “मुंबैचे का?” गाडीवान विचारतो. तुम्ही गप्प. कार्बोलिक तुमच्या वतीनं उत्तर देतं. तो बैलांची शेपटी पिरगाळतो आणि निघून जातो.

आता चाला. खालापूरच्या वाटेला पळस पेटल्यासारखा फुललाय, मोहाच्या फुलांचा गोडसर, आंबूस वास नाकात बसतो, समोर नागफणीचा सुळका उन्हात थरथरतो. पाताळगंगेत पाय बुडवू म्हणाल, तर डबकीच उरली आहेत. वर्षभर पाणी सोडणारं खोपोलीचं टाटांचं वीजघर यायला अजून अठरा वर्षं आहेत.

कमरेपाशी काहीतरी चावलं ना? खाजवू नका, ऐका. या वाटेवर तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे, जी कल्याणच्या साहेबालाही नव्हती. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो. सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर पुढच्या वर्षी कराचीत ते दाखवणार आहे, आणि त्याचंही लोक लगेच ऐकणार नाहीत. मग तुमचं कोण ऐकणार? कुणी हवेला दोष देतं, कुणी जमिनीतल्या घाणीला, कुणी म्हणतं देवी कोपली. सरकार तुमच्या काखा तपासतं. गाठोड्यातली गोधडी आरामात प्रवास करते.

गावाच्या शिवेवर चुलते काठी घेऊन उभे. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली, तेच. “थांब तिथंच. पोरं सुखरूप हायेत ना? बरं. पन आत येऊ नको.” दहा दिवस शेतातल्या आंब्याखाली पेंढ्याची खोप. चुलती तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधावर ठेवते, चार हात मागे सरते, मग हाक मारते. रात्री डास, कोल्हे, आणि लांबून शिमग्याचे ढोल. पोरं होळीचा उजेड बघायला झाडावर चढतात. खाली यायला तयार नसतात.

नववा दिवस. पाटलाच्या माळ्यावरून उंदीर पडला. दुपारपर्यंत आणखी दोन. उंदीर पडले की घर सोडायचं, एवढं एव्हाना सगळ्या मुलखाला कळलंय. संध्याकाळच्या आत अख्खं गाव भांडीकुंडी, गुरं, देव्हारे घेऊन तुमच्या शेतात. चुलतीला चुलीसाठी निखारा हवा असतो. तुमची बायको तो खापरीत घालून बांधावर ठेवते आणि चार हात मागे सरते. चुलते आंब्याखालची सावली काठीनं मोजतायत. “जरा तिकडं सरकवून बांध की खोप,” ते तुम्हाला म्हणतात, “हा आंबा माझ्या बापानं लावलेला हाय.”