वाट कोणी ठरवायची? नेटवर्कच्या नियंत्रणाचा चाळीस वर्षांचा प्रवास

१९८६-८७ च्या सुमारास जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अप जोडणीवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. 'अर्नेट' या राष्ट्रीय प्रकल्पाचे हे पहिले पाऊल. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या पाठबळावर आठ संस्था त्यात सामील होत्या. लीज्ड लाइन आली तेव्हा तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. आजच्या फोनमधले चार एमबीचे एक छायाचित्र पाठवायला तिच्यावरून जवळजवळ तास लागला असता!

त्या जाळ्यांची मूळ रचना मात्र दीर्घकाळ टिकली. प्रत्येक राउटर शेजाऱ्यांकडून खबर घेई आणि पुढची वाट स्वतःच ठरवी. संपूर्ण नकाशा आणि त्यावर हुकूम चालवण्याचा अधिकार एका ठिकाणी नसे. एक यंत्र बंद पडले तरी जाळे चालू राही, हे या स्वायत्ततेचे बळ. पण सगळ्या जाळ्याचा एकत्रित विचार करणारे कोणी नव्हते, ही तिची उणीव.

३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील केबल तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची इंटरनेट वाहतूक कोलमडली. पूर्वेकडच्या केबलवर जागा मिळवून वाहतूक वळवण्याचे काम अभियंत्यांना धावपळ करून करावे लागले. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये 'ओपनफ्लो'विषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्डचे निक मॅक्युन त्याचे प्रमुख लेखक. आठ लेखकांत हरी बालकृष्णन आणि गुरु परुळकर हीही नावे आहेत. त्यांची कल्पना सांगायला सोपी होती: डेटा पुढे ढकलण्याचे काम यंत्राकडे राहू द्यावे, वाट ठरवण्याची बुद्धी मात्र वेगळ्या सॉफ्टवेअरकडे सोपवावी. गुगलने २०१३ मध्ये आपल्या 'बी४' जाळ्याचा वृत्तांत दिला, तेव्हा या कल्पनेचा आर्थिक अर्थ उमगला. लांब पल्ल्याच्या ज्या जोडण्या एरवी सरासरी तीस-चाळीस टक्केच वापरल्या जात, त्यांतल्या अनेक तिथे जवळपास पूर्ण क्षमतेने चालत होत्या.

भारतात २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान जालाला मंजुरी मिळाली, २०१४ मध्ये 'मेघराज' हा सरकारी क्लाउड सुरू झाला. (नाव ठेवणाऱ्याला कालिदास आठवला असावा.) सरकारी सेवा अशा सामायिक पायावर आल्या, की एका चुकीची झळ किती दूर पोहोचेल हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहत नाही.

देखरेखीची साधने मात्र मागे रेंगाळली. दर पाच मिनिटांनी यंत्रांना हालहवाल विचारण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली. दोन फेऱ्यांमध्ये क्षणभर झालेली कोंडी सरासरीत विरून जाई. आता यंत्रे स्वतःहून सतत माहिती पाठवतात, ही सुधारणा मला ओपनफ्लोइतकीच मोलाची वाटते.

४ ऑक्टोबर २०२१ ला भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुकच्या मुख्य जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने त्याच्या साऱ्या जोडण्या तोडल्या. अशा आज्ञा अडवणाऱ्या तपासणी-साधनातच दोष होता. व्हॉट्सॲपसह सर्व सेवा सुमारे सहा तास ठप्प झाल्या. संकटकाळासाठी राखलेली वेगळी जोडणीही चालेना. अखेर अभियंत्यांना डेटा सेंटरच्या दारात प्रत्यक्ष जावे लागले, आणि ती दारे सहजासहजी उघडू नयेत अशीच बांधलेली होती.