वारीला किती दिवस काढून ठेवायचे?

आळंदी ते पंढरपूर पहिल्यांदाच पायी जायचं तर घर किती दिवस सोडावं लागेल, हा प्रश्न आमच्या गटांच्या बैठकीत दर ज्येष्ठात निघतो. कुणी म्हणतं पंधरा दिवस, कुणी महिना. या दिवसांचा हिशेब फार जुना आहे.

पंढरीची वारी ज्ञानोबांच्याही आधीची. पालखीची रीत मात्र १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी घातली. तुकोबांच्या आणि माउलींच्या पादुका तेव्हा एकाच पालखीत असत. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींची पालखी वेगळी काढली. हे साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. दिंड्यांचा क्रम आणि मुक्कामांची शिस्त त्यांचीच, असं मानतात.

ही शिस्त तिथीवर चालते, तारखेवर नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान, आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर. बोटांवर मोजा, अठरा दिवस झाले. एकादशी, द्वादशी धरली की वीस. आळंदीला आदल्या दिवशी पोचायचं, म्हणजे एकवीस. पौर्णिमेचा काला घ्यायचा तर आणखी तीन. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की एखादा मुक्काम कमी-जास्त होतो, म्हणून पंचांग पाहिल्याशिवाय गाडीचं तिकीट काढू नका.

पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री मुक्काम असतो. त्यांच्या मध्ये दिवे घाट, सगळ्यांत लांबचा टप्पा. नवख्या बायकांचे पाय तिथेच फोडांनी भरतात. सासवडची ती जादा रात्र पायांसाठीच आहे असं समजा, घाईने पुढे पळू नका.

एसटी १९४८ साली सुरू झाली. त्याआधी बहुतेकींची परतीची वाटही पायीच. पालखी आजही काल्यानंतर पायीच परतते, आळंदीला पोचेपर्यंत महिना उलटून जातो. सून हाताशी आल्याशिवाय आपल्या आज्या का निघत नसत, ते यावरून कळतं.

आता पेरणी, मुलांची शाळा, दुभती म्हैस. एकवीस दिवस सगळ्यांनाच जमत नाहीत. आमचं मत स्पष्ट आहे: आळंदीहून निघून सासवडहून माघारी येण्यापेक्षा फलटणला दिंडीत सामील व्हा. तिथून पंढरपूर साधारण आठवड्याची चाल. घरी मात्र आठ नव्हे, अकरा दिवस सांगून निघा. एकादशीच्या दर्शनाची रांग कुणाच्या वेळापत्रकात बसत नाही.

हप्त्याचं म्हणाल तर आषाढातली बैठक आम्ही द्वादशीनंतरच ठेवतो.