शिकाऱ्याने खरे सांगावे म्हणून

शिकाऱ्याच्या आकड्यावर फारसा विश्वास ठेवू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण शिकारी आकडे मोजत नाहीत असे मात्र नाही. भरतपूरला जाऊन आलेल्या मंडळींना तिथले कोरीव दगड आठवत असतील. कोणत्या पाहुण्याच्या शिकारीत किती पक्षी पडले, त्याची ती यादी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. ही मोजदाद मोठेपणासाठी होती. पाणथळीत मागे किती पक्षी उरले, हे त्या दगडांवर नाही.

हा "उरले किती?" प्रश्न अमेरिकेला फार मोठी किंमत मोजल्यावर पडला. तिथल्या प्रवासी कबुतरांचे थवे एके काळी आकाश झाकून टाकत. त्यांच्यातली शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. पुढे १९१६ मध्ये कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी करार झाला आणि १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आला. शिकारीचा हंगाम किती दिवसांचा आणि एकाने किती पक्षी मारायचे, हे सरकार ठरवू लागले.

पण ठरवायचे कशाच्या आधारावर? पक्षी रानात किती आहेत आणि मारले किती, या दोन्ही गोष्टी कळायला हव्यात. त्यातली दुसरी गोष्ट फक्त शिकाऱ्यालाच ठाऊक असते.

फ्रेडरिक लिंकन नावाच्या सरकारी पक्षितज्ज्ञाकडे १९२० मध्ये पक्ष्यांच्या पायात धातूची वाळी घालण्याचे काम आले. १९३० मध्ये त्याने एक साधी त्रैराशिकाची रीत मांडली. आमच्या सातवीच्या मुलांनाही ती जमली असती. समजा, हजार बदकांना वाळी घातली. हंगामात त्यांतली शंभर मारली गेल्याचे शिकाऱ्यांनी कळवले, म्हणजे दहातले एक. त्याच हंगामात एकूण पाच हजार बदके मारली गेली असतील, तर मुळात बदके होती पन्नास हजार.

आता गंमत बघा. निम्म्या शिकाऱ्यांनी वाळे खिशात टाकले आणि कळवलेच नाही, तर शंभराऐवजी पन्नासच वाळ्यांची नोंद होईल. त्रैराशिक सांगेल, बदके एक लाख! म्हणजे शिकारी गप्प राहिले की कागदावर बदके दुप्पट होतात, आणि सरकार खुशाल जास्त शिकारीला परवानगी देते. खोटे कोणीच बोलले नाही, तरी जीव बदकांचा जातो.

बरे, किती जण गप्प बसतात हे कसे कळावे? तज्ज्ञांनी त्यावरही तोड काढली. काही वाळ्यांवर बक्षीस छापले, अगदी शंभर डॉलरचेसुद्धा. एवढे पैसे कोण सोडतो? ही वाळी जवळपास सगळी परत कळवली जाणार असे धरायचे आणि साध्या वाळ्यांचे प्रमाण त्यांच्याशी ताडून पाहायचे. १९८० च्या दशकाअखेरीस मॅलार्ड बदकांच्या बाबतीत असे दिसले, की साध्या वाळ्यांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा किंवा थोडी जास्त वाळी कळवली जातात.

मग दंड वाढवला का? नाही. वाळे कळवणे हे ऐच्छिकच राहिले. १९९० च्या दशकाच्या मध्यास वाळ्यावर फुकटचा फोन नंबर आला, एवढेच. पत्र लिहा, तिकीट लावा, पेटीत टाका, ही कटकट संपली. पुढच्या दशकातल्या अभ्यासात मॅलार्डचे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे गेलेले आढळले. २०१७ मध्ये तो फोनही बंद झाला आणि आता वाळे संकेतस्थळावर कळवतात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कळवणाऱ्याला उत्तर मिळते. हा पक्षी कुठे, कधी पकडून वाळे घातले होते, याचे प्रमाणपत्र त्याच्या हाती येते, आणि वाळे त्याच्याकडेच राहते. कित्येक शिकारी ती वाळी गळ्यातल्या दोरीत ओवून अभिमानाने मिरवतात. मोठेपणाची हौस इथेही आहेच, पण ती कामी लावली आहे.

सक्तीची वाटही त्यांनी धरली. १९९२ मध्ये तीन राज्यांत सुरू झालेली शिकाऱ्यांची नोंदणी १९९८ पर्यंत जवळजवळ सगळ्या देशात लागू झाली. परवाना घेताना नाव-पत्ता द्यायचा, मागच्या वर्षीच्या शिकारीचे चार प्रश्न विचारले जायचे. नावे मिळाल्यामुळे पुढे पत्र पाठवून खोलात विचारता येते, हा फायदा मोठा. पण दुकानातला माणूस रांग हटवण्यासाठी प्रश्न न विचारताच शून्य भरून टाकतो, अशा तक्रारीही आल्या. ज्या शिक्षकांनी जनगणनेच्या याद्या घेऊन दारोदार पायपीट केली आहे, त्यांना हे वाचून हसू येईल. माणसे आकडा लपवतात ती बहुधा लबाडीने नव्हे. "हे कशाला हवंय?" याचे उत्तर कोणी दिलेले नसते, म्हणून. ते नीट समजावले की म्हातारी आजीसुद्धा आपणहून शेजारच्या घरातली माणसे मोजून देते.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौशी शिकार संपली. वाळी मात्र आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये धारच्या महाराजांच्या मदतीने हे काम सुरू केले आणि १९५९ पासून सालिम अलींनी ते मोठ्या प्रमाणावर केले. त्या वाळ्यांवर सोसायटीला कळवण्याची विनंती कोरलेली असते. तेव्हा उजनीच्या किंवा नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर कुणाला पायात वाळे असलेला पक्षी दिसला, तर रंग, अक्षरे, जागा आणि तारीख टिपून मुंबईला जरूर कळवा. नातवंडांकडे कॅमेरे आहेतच, त्यांनाही सांगून ठेवा.