क्लाइव्ह सलिव्हन वे

नोकरीनिमित्त काही महिने इंग्लंडात हलला होतो, तेव्हा रोज ज्या रस्त्याने जायचो त्याचं नाव क्लाइव्ह सलिव्हन वे. असेल कुणी जुना महापौर, असं मी धरून चाललो होतो. ऑफिसातल्या एकाला विचारलं, तर मुंबईत राहून गावसकर कोण असं विचारल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला!

क्लाइव्ह सलिव्हन हा रग्बी लीगचा खेळाडू. (रग्बीचा हा तेरा जणांचा प्रकार. उत्तर इंग्लंडातल्या कामगार वस्त्यांचा लाडका.) जन्म 1943 चा, कार्डिफचा. लहानपणी पायांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या की हा नीट चालेल की नाही याचीच डॉक्टरांना शंका होती. पुढे सैन्यात गेला. वेल्सचा आहे म्हणजे रग्बी येतच असणार, असं गृहीत धरून तिथे त्याला मैदानात उतरवलं. पाय टिकले! 1961 मध्ये खोट्या नावाने हल एफसीकडून चाचणी सामना खेळला आणि तीन ट्राय केले.

1972 मध्ये तो ग्रेट ब्रिटनचा कप्तान झाला. कुठल्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचा हा पहिला कृष्णवर्णीय कप्तान. त्याच वर्षी लिआँला विश्वचषकाची अंतिम लढत ऑस्ट्रेलियाशी होती. सलिव्हन आपल्याच अर्ध्या भागातून चेंडू घेऊन जो पळाला तो थेट ट्राय करूनच थांबला. जादा वेळेनंतरही सामना 10-10 असा बरोबरीत राहिला, आणि साखळीतल्या सरस कामगिरीमुळे करंडक ब्रिटनला मिळाला. बघायला माणसं किती? जेमतेम चार हजार.

पण मला जास्त नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हल शहराचे नदीने दोन भाग केलेत. पश्चिमेला हल एफसी, पूर्वेला हल किंग्स्टन रोव्हर्स, आणि घराघरात त्यावरून भांडणं. एफसीसाठी अडीचशे ट्राय केल्यावर हा गडी 1974 मध्ये चक्क रोव्हर्सकडे गेला आणि तिथे आणखी 118 केले. तरी एफसीवाल्यांनी त्याला गद्दार म्हटलं नाही! 1980 मध्ये वेम्बलीला चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. सगळं गाव लंडनला निघालं, आणि शहराबाहेर जाणाऱ्या ए-63 रस्त्यावर कुणीतरी पाटी लावली, शेवटी जाणाऱ्याने दिवे मालवावेत. रोव्हर्स 10-5 ने जिंकले. सलिव्हन तेव्हा सदतीस वर्षांचा होता, रोव्हर्सच्या बाजूने. दोन वर्षांनी तो परत एफसीकडून चषकाच्या अंतिम फेरीचा फेरसामना खेळला आणि तोही जिंकला.

1985 मध्ये कर्करोगाने तो गेला. वय अवघं बेचाळीस. त्यानंतर त्याच ए-63 च्या एका भागाला त्याचं नाव दिलं गेलं. कार्डिफने त्याचा पुतळा उभारला तो 2023 मध्ये, बिली बोस्टन आणि गस रिसमन यांच्या सोबतीने.

असो. ऑफिसातला तो माणूस कट्टर रोव्हर्सवाला होता, हे मला नंतर कळलं. बायको एफसीवाली. सलिव्हन आमचा, असं दोघंही म्हणायचे.