खटला बसचा झाला, रस्त्याचा नाही

25 जानेवारी 2012 ची सकाळ आठवा. स्वारगेटहून एका चालकानं एसटी पळवली आणि भर गर्दीतून बेफाम हाकली. 9 माणसं गेली. खटला पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचं डोकं ठिकाणावर होतं का, यावर बराच खल झाला आणि 2019 मध्ये फाशीची जन्मठेप झाली. रस्त्यावर मात्र कुणी खटला भरला नाही. मला विचाराल तर तोही भरायला हवा होता. कारण असा चालक एखादाच. फुटपाथवर स्कूटर चढवणारा चांगला शहाणा असतो, आणि खरं सांगा, कधी कधी आपल्याच घरातला असतो!

एकेकाळी सायकलींचं म्हणवणारं हे गाव. महापालिकेनं 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाले. 11 डिसेंबर 2021 ला, पादचारी दिनी, लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा काही तास वाहनांना बंद ठेवला. माणसं रस्त्याच्या मधोमध निवांत चालली. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता ओलांडायला पुन्हा हात दाखवत पळणं आलं.