ओवी कुणाची?

संगीताच्या इतिहासात बाई येते ती बहुधा गायिका म्हणून. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिचा. जात्यावर मात्र हे सगळं एकटीचं. शब्द तिचे, गळा तिचा आणि तालही तिच्याच दंडातून आलेला. एखादीला चाल आईकडून मिळालेली असेल, पण त्या चालीत आजचं दुखणं बसवायचं ते तिनंच.

ओवीची जुनी लेखी खूण सापडते ती एका राजाच्या ग्रंथात. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’मध्ये, म्हणजे साधारण ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. हातात मुसळ, समोर उखळ. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात ओवीचं लक्षणच दिलंय: देशभाषेत गायचे यमक जुळलेले तीन खंड आणि शेवटी ‘ओवी’ हा शब्द. शास्त्रकारानं लक्षण बांधलं, तेव्हा हे गाणं घरोघरी मुरलेलं होतं.

शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली तीही ओवीतच, नऊ हजारांवर ओव्यांची. तिथेही यमकाचे तीन चरण आणि मागून येणारा आखूड चौथा. आपण ग्रंथातल्या ओवीला छंद म्हणतो आणि जात्यावरच्या ओवीला लोकगीत. मला ही वाटणी मान्य नाही. लोकगीत म्हटलं की ते कुणीच रचलं नाही, आपोआप उगवलं, असं वाटायला लागतं. प्रत्येक ओवी कुठल्या तरी पहाटे कुठल्या तरी बाईनं पहिल्यांदा जुळवली होती.

त्यांतल्या काहींची नावं उरली. महानुभाव पंथातली महदंबा, तेराव्या शतकातली. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीलेत तिनं धवळे गाइले, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. मराठीतली आद्य कवयित्री असा तिचा मान आहे. तो देताना ती गात होती हेही सांगायला हवं. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईनं तर विठ्ठलालाच जात्याशी आणून बसवलं.

गोव्यात या गाण्याची सत्तेला धास्ती वाटली. १७३६ मध्ये तिथल्या इन्क्विझिशननं, म्हणजे धर्मन्यायालयानं, फर्मान काढून लग्नातल्या ओव्यांवर बंदी घातली. उघडपणे नको आणि चोरूनही नको. चोरून गाणाऱ्या होत्या, म्हणून तर ते लिहावं लागलं असणार.

जातं घरात असायचं, आणि दळायची वेळ पहाटेची. एकटी नाहीतर दोघी समोरासमोर, खुंट्यावर दोघींचे हात, मधूनच जात्याच्या तोंडात मूठभर दाणे. दगड जड, म्हणून लय संथ. ओळ पुरली नाही की ‘बाई’, ‘गं’ असे शब्द घालून ती फेऱ्याशी जुळवायची. पहिली ओवी देवाला, मग आई, भाऊ, लेक, सासर. घर झोपलेलं असताना, दिवसा कुणाला सांगता येत नाही ते दगडाच्या घरघरीत सांगायचं. हा आडोसाच या रचनेचा खरा आश्रयदाता.

खानदेशात आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या गात राहिल्या आणि घरच्यांनी, मुलगा सोपानदेव यांनी, ती गाणी उतरून घेतली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. पुस्तक आलं ते १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या आग्रहानं. कागदावर उतरवून घेणारं माणूस घरात नव्हतं, अशा बहिणाबाई किती झाल्या असतील!

अशा बायांच्या ओव्या साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये गोळा केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. मला त्यांच्या कामाची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की त्यांनी ओवीशेजारी बाईचं नाव आणि गाव लिहिलं. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यासोबत ध्वनिमुद्रणही झालं, त्यामुळे चाली उरल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या ओव्या आहेत, बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या. जुन्या चालीत देवाच्या जागी भीमराव बसवायचं धाडस त्या बायांनी कुणाला न विचारता केलं. आता हा ठेवा ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतो.

गावात पिठाची गिरणी आली आणि बायांच्या दंडावरचा भार उतरला. ते फार बरं झालं. त्या कष्टाचे गोडवे मी गाणार नाही. जात्याच्या तळ्या आता कुठे तुळशीपाशी, कुठे पायरीला लागलेल्या दिसतात.

तरी लग्नघरी हळद दळायला जातं निघतं. त्याला हळदकुंकू लावतात, सुवासिनी खुंट्याला हात लावतात, फोटो होतात. मग कुणीतरी विचारतं, ओवी कुणाला येते? पोरी एकमेकींकडे बघतात आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीला पुढे बोलावतात. ती आधी नाही म्हणते, मग पदर सारखा करते, आणि नवरीचं नाव विचारून घेते, कारण ते तिला ओळीत बसवायचं असतं.